सात घरचं उसनं

मी मोगलाईतली, मास्तर. पैनगंगेच्या पल्याडची. आता कोनाले सांगतलं तं खरं वाटत नाई, कारन की बोली माही सारी वऱ्हाडी होऊन गेली, पन जलम माहा निजामाच्या राज्यातला, हिंगोलीकडचा. नदीपासून कोसभर आमचं गाव, नदीच्या त्या अंगाले निजाम अन् ह्या अंगाले इंग्रज, नागपूरच्या हुकमातलं वऱ्हाड. लहानपनी नदीवर धुनं घेऊन जावो तं समोरच्या काठावर वऱ्हाडातल्या बाया दिसत, त्याईचं लुगडं आमच्यासारखंच, त्याईचं आपटनं आमच्यासारखंच, अन् माही माय म्हने, पोरी, तो मुलूख येगळा हाय. मी म्हनो, काहून येगळा, पानी तं एकच हाय. माय म्हने, तोंड लय चालते तुहं. ते तोंड आजवर चालूनच राहिलं, काय सांगू तुमाले.

आमी माळी. बाप माहा भाजीपाला लावे, वांगे, मिरच्या, कोथिंबीर, अन् गनपतीच्या, दसऱ्याच्या टायमाले झेंडू. त्याचा एकच कायदा, कोनाचं घेतलं तं दिवस बुडाच्या आंधी वापस करा. शेजारून तांब्याभर ताक आनलं तं सांजच्याले तांब्या घासून पुसून त्याच्या दारात, अन् संगं ताकाच्या मोलाची मेथी. बाप म्हने, मानसानं देनं घेऊन झोपू नये. हे माह्या डोक्यात असं पक्कं बसलं का लगन होऊन किसनच्या घरी आली तरी तेच, सासू म्हने, सूनबाई हिशोबाची मोठी पक्की हाय. मले वाटे तारीफ करून राहिली. आता वाटते, टोमना असंन.

वऱ्हाडात काहून आलो ते आयका. तिकडं जागिरीचा एक मानूस होता, तो मळ्यात यावा अन् टोपलीभर वांगे तोडून न्यावे, पैसे मांगतले तं म्हने, वांगे कोनाच्या राज्यात पिकले ते पाह्य आंधी. एक डाव झालं, दोन डाव झालं, तिसऱ्या डावाले मी गेली अन् त्याच्या टोपलीत हात घालून वांगे काढून घेतले, एकेक, मोजून, साऱ्याईच्या समोर. माहा नवरा गरीब सोभावाचा, किसन म्हनजे गायच होता, तो म्हने, भागे, आता अथी राहनं होत नाई. चांदीचे कडे इकले, म्हातारीले दिराजवळ ठेवलं, अन् नदी उतरून, वाशीमावरून, घाट उतरून पातूरले आलो. चार दिवसाची वाट.

अथी आल्यावर पैल्याच दिवशी दुकानदारानं आमचा रुपया उलटा करून पाह्यला अन् फेकून देला. निजामाचा हाली रुपया अथी चालत नाई, अथी कलदार पायजे, इंग्रजाचा. मंग बदलून घेतला, त्यात नुकसान झालं ते झालं. पन मी मनात म्हनलं, रुपया बदलते तं बदलू दे, मी नाई बदलत. कोनाचा पैसा ठेवनार नाई, मीठ-मिरची नगदी घेईन, अन् मान वर करून चालीन. अन् चालली, मास्तर, दीड वरीस तशीच चालली. ते दीड वरीस मी गावात राहूनही गावाची झाली नाई.

आनाजी पाटलाची विहीर होती गावाच्या खालच्या अंगाले, तिच्या भवताल थोडी थोडी जमीन त्यानं लोकाईले लावून देल्ती. आमाले एक तुकडा भेटला, काळी भुसभुशीत माती, काठी टोचली तं हातभर आत जाय. पन मोट नाई. मोटेले बैलजोडी पायजे, ते आमच्याजवळ नाई, अन् अथचे लोकं सावड करत, आज माहे बैल तुह्या पान्याले, उद्या तुहे मानसं माह्या निंदनाले. आमाले सावडीत कोनी घे ना. तीन वरसं आंधी मोगलाईतला एक जन आल्ता म्हनत, एकाची जोडी हंगामापुरती मांगून घेतली अन् नदीपार निंगून गेला, पल्याड अथचा पोलीस चालत नाई, मंग काय, गेली जोडी. चोरी त्यानं केली अन् तोंड आमचं पाहत. मी अन् किसन पोहऱ्यानं पानी शेंदून चार वाफे भिजवत होतो, पाचवा वाफा सुकून जाय. हाताले घट्टे पडले, हे पाहा, अजून हायेत.

आमच्या शेजारी काशी राहे. माह्याच वयाची, आडव्या बांध्याची, बोलनं म्हनजे दगड फेकल्यासारखं. आमी आलो त्या पैल्या हप्त्यात तिनं वाटी भरून ज्वारीचं पीठ आनून देल्लं, मी मांगतलं नोतं, म्हने घ्या, नवीन आले, दळन नसंन तुमचं. मी घेतलं. अन् दुपारी जात्यावर बसली, दळलं, अन् दिवस बुडाच्या आंधी तीच वाटी, तितकंच पीठ, वरून हातानं सपाट करून, तिच्या दारात नेऊन देली. मले वाटलं काशी म्हनंन, किती सरळ बाई हाय. तं तिनं वाटीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् म्हने, काहून वं, माह्या पिठाले काई वास येत होता का? मी म्हनलं, नाई, देनं होतं ते देल्लं. ती म्हने, बरं हाय, फिटलं तुहं अन् माहं. दार लोटून घेतलं. त्या दिसापासून तिनं माह्याकडं काही मांगतलं नाई अन् मले काही देल्लं नाई. मी घरी येऊन किसनले म्हनली, हे वऱ्हाडी लोकं लय गर्वाचे असतात. गर्वाचं कोन होतं ते मले तवा कुठं समजलं.

दुसऱ्या वरसी हिवाळ्याच्या तोंडाले मी कांद्याचं रोप टाकलं, मोठं टाकलं, दोन मोठ्या पट्ट्यात लागन होईन इतकं, अन् पाटलाकडं गेली. पारावर बसले होते लोकं. मी म्हनलं, पाटील, कांदा शेंदून होत नाई, मले मोटेच्या सावडीत घ्या. पाटील वाईट मानूस नोता. त्यानं सगळ्याईकडं पाह्यलं अन् इचारलं, हिच्याबद्दल कोन बोलते? कोनीच बोललं नाई. मी म्हनलं, वाईट बोला ना, वाईट तरी बोला, मी कोनाचं काय बुडवलं ते सांगा. तं एक म्हतारा म्हने, बाई, बुडवलं नाई हे खरं, पन तुवा कोनाचं घेतलंच नाई, तं आमी काय सांगाव? घेतलं असतं, ठेवलं असतं, देल्लं असतं, तं मानूस समजते. तू दीड वरसापासून अथी हायेस, अन् काल आली तशीच हायेस.

माह्या अंगाची आग झाली, मास्तर. मी पारावरच म्हनली, म्हंजे मी चोर नाई ही माही चूक झाली का? लुच्च्याले बैल देता अन् सरळ मानसाले नाई? मी तशीच फनफनत घरी आली. वाटेत काशीची सासू ओट्यावर बसली होती, डोळ्यानं कमी दिसे तिले, पायाच्या आवाजानं ओळखे. म्हने, बस. मी बसली नाई, उभीच राह्यली. म्हने, तू त्या दिवशी पीठ वापस आनलं ना, त्या दिवशी माही सून रडली. मी म्हनलं, काहून, कमी होतं का? म्हतारी म्हने, बरोबर होतं म्हनूनच रडली. बरोबर देल्लं म्हंजे आता तुहं तोंड नको. उसनं असते ना बाई, ते सुतळीसारखं असते, तू एकीकडून धरली, मी एकीकडून धरली. तू तं कापूनच टाकली.

मले पटलं नाई. खरं सांगते, आजही अर्धं पटत नाई, माहा बाप काही येडा नोता. पन कांद्याचं रोप बोटभर झाल्तं अन् माह्याजवळ बैल नोते. मी मनात म्हनलं, असं हाय का, देनं पायजे का तुमाले माह्या डोक्यावर? घ्या मंग. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचला अन् निंगाली. एका सकाळी सात घरं केले. एका घरी हळकुंड मांगतलं, एका घरी गूळ, एका घरी पायली ज्वारी, पाटलाच्या घरी जाऊन पाटलीनबाईले म्हनलं, सूप द्या, माहं फाटलं. फाटलं नोतं. लोहाराघरी खुरपं, तेल्याघरी अधपाव तेल. लोकं पाहतच राह्यले, एकजन हासून म्हने, आज काय मोगलाईत दुकाळ पडला का वं? मी म्हनलं, दुकाळ तुमच्या गावात हाय, मानसाचा.

सहा घरी भेटलं. सातवं घर काशीचं. मी दारात उभी राह्यली, काशी चुलीपुढं, उठली नाई. मी म्हनलं, वाटीभर पीठ दे. ती म्हने, काहून, तुह्या घरी नाई? मी म्हनलं, हाय, पन तुहं पायजे. तिनं उठून पितळेची वाटी भरली, वर टोक निंगंन अशी शीग लावली, अन् माह्या हातात देताना म्हने, उद्या आनलं तं तोंडावर फेकीन. बस, एवढंच. घरी येऊन मी त्या पिठाची भाकर केली, अन् खाता खाता मले एकदमच रडू आलं, काहून आलं ते किसनले समजलं नाई.

मंग मी शिकली. मले लिवता येत नाई, तं मी भितीतल्या दिवळीत ज्याच्या त्याच्या घरचं काही ठेवलं, हळदीचा तुकडा, सुपाची काडी, ज्वारीचे दाने, दिवळीकडं पाह्यलं का समजे कोनाचं काय हाय. अन् वापस कसं कराचं ते शिकली. घाई नाई कराची. एका टायमाले सगळ्याईचं नाई फेडाचं. भांडं रिकामं नाई न्याचं, काही नाई तं वर कोथिंबिरीची जुडी, दोन फुलं. जितकं आनलं त्याहून मूठभर जास्त न्याचं, म्हंजे त्या मुठीचं देनं तिच्यावर राह्यते, मंग ती येते मांगाले. पाटलीनबाईचं सूप महिनाभर ठेवलं, मंग देल्लं, अन् देता देता चाळनी मांगून आनली. काशीची वाटी ठेवूनच घेतली. काशी येता जाता म्हने, माही वाटी हाय तुह्याकडं. मी म्हनो, हाय ना, कुठं पळून चालली.

कांद्याची लागन झाली, जितके वाफे शेंदून भिजतीन तितके भिजवून राहिलो होतो, अन् तवाच मोगलाईतून सांगावा आला का सासू लय बिमार हाय, या. दिरानं धाडलं होतं. दोघाईले जानं भाग होतं, किसन थोरला. किसन म्हने, भागे, तुह्या पायातले तोडे इकू अन् सातही घरचं फेडून जाऊ, नाईतं लोकं म्हनतीन मोगलाईवाला पुन्हा पळाला. माहा बाप असता तं तोही हेच म्हनला असता. पन माह्या मनात आलं, सगळं फेडून बिछाना बांधून निंगालो तं गाव काय समजंन? का हे गेले, आता येत नाईत. दीड वरीस फिटलेली होती मी, तवा कोनाले माही आठवन नोती. मी म्हनलं, नाई फेडत. तो म्हने, तुले झालं काय? मी म्हनलं, फेडत तं नाईच, आखीन घेऊन येते.

काशीकडं गेली. तिच्यापाशी एक लुगडं होतं, जांभळं, लाल काठाचं, भावानं देल्लं होतं, ते ती सनाले बी नेसत नोती. मी म्हनलं, ते दे मले, सासूपुढं चिंध्या नेसून नाई जात, म्हनतीन वऱ्हाडात जाऊन भीक लागली. काशी म्हने, फाटलं तं? मी म्हनलं, दुसरं आनीन. म्हने, नाई आली तं? मी म्हनलं, तं साऱ्या गावात सांगजो का भागी चोर निंगाली. तिनं पेटी उघडली, लुगडं काढलं, एक डाव हुंगलं, अन् देल्लं. कधी येशीन? मी म्हनलं, तिसऱ्या बाजाराले, तीन हप्त्यात. अन् गेलो आमी.

सासूनं माह्या अंगावरच्या लुगड्यावरून हात फिरवला, म्हने, बरं चाललं दिसते तुमचं. मी हो म्हनलं. उसनं हाय म्हनून नाई सांगतलं, तिचं समाधान कशाले मोडू. चार दिवसानं गेली ती. तेरवी झाली, अन् मंग किसनले हिवताप आला, अंथरुन धरलं, तिसरा बाजार गेला, चवथा गेला. अन् त्यात दीर म्हने, दादा, आता राहूनच जा अथी, तो जागिरीचा मानूस बदलून गेला, मायचा तुकडा तुमी करा. किसनचं मन झालं. मायचा मळा होता तो, त्याचं बालपन तथी गेल्तं, त्याचं मन होनारच. तो म्हने, तथी काय हाय आपलं? दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची विहीर, सात वाट्या देनं. त्याच्यासाठी कोन नदी उतरते?

मी म्हनलं, मी उतरते. अथी माहं नाव काय हाय? टोपलीतून वांगे काढनारी. अन् तथी सात घरी माहं देनं हाय, म्हंजे आज सात घरी कोनीतरी माहं नाव काढून राहिलं, शिव्या देऊन का होईना. तू राह्य, मी लुगडं देऊन येते. मंग किसन हासला, तापातून उठल्यावर पैल्यांदा, म्हने, तू गेल्यावर मी अथी कोनाचं आयकू? पाचव्या बाजारी आमी पातूरले आलो. लुगडं मी वाटेत नेसली नाई, घडी करून टोपल्यात डोक्यावर, नदीत बी डोक्यावर.

वाटभर मी एकच पाहत होती डोळ्यापुढं, वाळलेला कांदा. सवा महिना पानी नाई म्हनल्यावर काय राहते? मी किसनले म्हनलं बी, आंधी मळ्यात नको जाऊ, आंधी लुगडं देऊ. पन रस्ता मळ्यावरूनच होता. अन् पाहते तं कांदा हिरवा. माहे वाफे तं हिरवेच, अन् जे मी लावून सोडून देल्ले होते, भिजनार नाई म्हनून, ते बी हिरवे. काशीचा नवरा मोट हाकून राहिला होता अन् काशी माह्या वाफ्यात उभी, दारं मोडून पानी फिरवून राहिली. मले पाह्यलं, वाफा भरला तसं पानी दुसऱ्या वाफ्यात घेतलं. मंग म्हने, तिसरा बाजार म्हनली होती. मी म्हनलं, हो. म्हने, माही वाटी अन् माहं लुगडं तुह्याकडं, तू आली नसती तं हा कांदा मी खनून घेनार होती, म्हनून भिजवला, उगी काही समजू नको. मी टोपलं खाली ठेवलं, लुगडं काढून तिच्या हातात देल्लं. तिनं उकलून पाह्यलं, काठ पाह्यला, अन् मंग त्याच लुगड्यात तोंड खुपसून रडली, मास्तर, वाफ्यात उभी राहून. चिखलात काठ लागला तरी तिले भान नोतं.

पाटलानं पारावर पुन्हा इचारलं, हिच्याबद्दल कोन बोलते. बाया पारावर बोलत नोत्या तवा. काशी खालूनच म्हने, मी बोलते, हिनं माही वाटी ठेवली हाय. लोकं हासले. ती म्हने, हासा, पन हे बाई देनं घेऊन गेली अन् देनं घेऊन वापस आली, तुमच्यातलं कोन आलं असतं? त्या हंगामापासून आमी सावडीत, अन् आजवर हावो.

आता विहिरीवर तेलाचं इंजन बसवाचं हाय, तं माह्या लेकानं सोसायटीत कर्जाचा अर्ज केला. परवा कारकून आल्ता, अकोल्याचा, चष्म्यावाला. इचारते, आजीबाई, कोनाचं काही देनं बाकी? लेक म्हने, काही नाई साहेब. मी म्हनलं, खोटं काहून सांगतं? लिवा, सात घरचं देनं हाय, त्यात काशीची पितळी वाटी, शीग लावून पीठ. तो म्हने, हे लिवता येत नाई. मी म्हनलं, तं तुमचा कागद कच्चा हाय. मंग म्हने, दोन जामीन पायजे. गावात सांगावा गेला तं पाच घरचे आले अन् बसले ओसरीवर. लोहाराचे नाई आले, तेल्याचे बाहेरगावी होते. काशी नाई, तिले जाऊन तीन वरसं झाले, पन तिचा लेक सगळ्यात आंधी आला. त्यानं कारकुनाले सांगतलं, हिच्याकडं माह्या मायची वाटी हाय, जिवंत हाय तवर नाई देनार. वाटी तुमच्या मांगच्या दिवळीत हाय, पाहा.

अन् मी हे सारं तुमाले काहून सांगून राहिली ते आता सांगते. तुमी बदलून आले, पुन्याकडचे, नवीन मानसं. तुमच्या बाईनं परवा माह्याकडून वाटीभर हळद नेली, अन् सांजच्याले वाटी लख्ख घासून, हळद भरून, तितकीच, वरून सपाट करून, दारात घेऊन आल्या. बिचारीनं माह्यासारखंच बापाचं आयकलं असंन. मी काही नाई बोलली, बाई हुशार हाय, पन मी घरात येऊन बसली अन् मले काशी आठवली, लय आठवली. म्हनून तुमाले बसवून घेतलं, अन् तुमी तं वही काढून लिवालेच लागले.

लिवून झालं असंन तं ठेवा ते. हे मेथीची जुडी घ्या, अन् हे चार लिंबं, अन् हा डबा, ह्यात लोनचं हाय, बाईले द्या. डबा चांगला हाय, माह्या लेकीचा, मले वापस पायजे. पन मास्तर, उद्या आनून देऊ नका.